मदत हवी आहे: चार वर्षांच्या मुलीला नाटकाला न्यावं का?

मंडळी, आम्ही गोव्यातल्या फोंड्याचे. राजीव गांधी कला मंदिरात मुलांना बालनाट्य दाखवायचंय. थोरला सात वर्षांचा, त्याची काळजी नाही. धाकटी चारची. जत्रेतलं नाटक तिने पाहिलंय, पण तिथे कंटाळा आला की खाजं खायला उठायचं, झोप आली की आजीची मांडी. सभागृहातला काळोख, एसी आणि गप्प बसणं वेगळं. तिसऱ्या घंटेलाच दचकेल असं वाटतं. गोष्ट आधी सांगून न्यावी का? पुढची रांग बरी की दाराजवळची कडेची खुर्ची? नवरा म्हणतो, रडली तर मी बाहेर घेऊन बसतो (त्याला निमित्तच हवंय!). कला अकादमीत किंवा मडगावच्या रवींद्र भवनात एवढ्या लहानग्यांना नेलेल्यांनी कृपया सांगा, मध्यंतरापर्यंत तरी टिकतात का?