‘सेसमी स्ट्रीट’च्या जुन्या छोट्या बाहुल्या : चिकटपणा, कालनिश्चिती आणि जतन

जुनीपेटी

नमस्कार. आमच्या घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीने अनेक वर्षे जपून ठेवलेली खेळण्यांची पेटी नुकतीच माझ्याकडे आली आहे. तिच्यात ‘सेसमी स्ट्रीट’ या लहान मुलांच्या अमेरिकी मालिकेतील पात्रांच्या बाहुल्या आहेत. त्यांचे सरळ दोन गट पडतात. पहिला गट फिशर-प्राइस या अमेरिकी खेळणी कंपनीच्या खेळघराच्या संचातील, खुंटीसारख्या गोल अंगाच्या कडक प्लास्टिकच्या बाहुल्यांचा आहे. त्यात बर्ट, अर्नी, बिग बर्ड, कुकी मॉन्स्टर, कचऱ्याच्या डब्यासहित ऑस्कर आणि दुकानदार मिस्टर हूपर हे सहा जण आहेत. दुसरा गट नंतरच्या काळातील, मऊ रबरासारख्या लागणाऱ्या, रंगवलेल्या बाहुल्यांचा आहे. त्या सर्व एका झिप असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवलेल्या होत्या आणि आता त्यांतील चार हाताला चिकट लागतात. एकीच्या पायाचा रंग दुसरीच्या पाठीला लागला आहे.

माझ्या शंका अशा आहेत. हा चिकटपणा कशामुळे येतो आणि तो काढताना बाहुलीला इजा होणार नाही, असा काही उपाय आहे का? एका जाणकार म्हणवणाऱ्या गृहस्थांनी मला सांगितले, की ऑस्कर मुळात नारिंगी होता, त्यामुळे माझ्याकडील हिरवा ऑस्कर कोणीतरी नंतर रंगवलेला असावा, आणि बिग बर्ड अर्नीच्या मानाने फारच लहान असल्यामुळे तो दुसऱ्याच संचातला असावा. यात कितपत तथ्य आहे? आणखी एक गोष्ट म्हणजे माझी भाची दोन वर्षांची आहे व पेटी उघडल्यापासून तिची नजर कुकी मॉन्स्टरवर आहे; तिला त्याच्याशी खेळू द्यावे का?

पॉलिमर

चिकटपणाबद्दल मी लिहितो, कारण माझा कामाचा संबंध प्लास्टिकशी येतो आणि याच कारणाने माझ्याही काही बाहुल्या खराब झालेल्या आहेत.

आपला दुसरा गट बहुधा पीव्हीसीचा आहे. पीव्हीसी स्वभावतः कडक असते. ते मऊ व्हावे म्हणून त्यात प्लास्टिसायझर, म्हणजे तेलासारखा एक द्रव, मिसळतात. त्या काळात यासाठी मुख्यतः थॅलेट वर्गातील रसायने वापरली जात. हा द्रव प्लास्टिकच्या रेणूंशी रासायनिक बंधाने जोडलेला नसतो, तो त्यांच्यामध्ये केवळ सामावलेला असतो. त्यामुळे वर्षानुवर्षे तो हळूहळू पृष्ठभागाकडे सरकतो आणि तेथे साचला की बाहुली चिकट लागते, धूळ धरते आणि शेजारच्या वस्तूचा रंगही ओढून घेते. उष्णता वाढली की हा प्रवास वेगाने होतो.

आपल्या बाबतीत मुख्य दोष त्या पिशवीचा असावा, असे मला वाटते. पिशवीत ठेवले म्हणजे वस्तू सुरक्षित राहते, असा आपला सर्वांचा समज असतो. परंतु अशा पिशव्या सहसा पॉलिथिनच्या असतात आणि पॉलिथिन हा द्रव शोषून घेते, त्यामुळे तो बाहुलीतून सतत बाहेर खेचला जात राहतो. याउलट काचेच्या बंद बरणीत तो फारसा शोषला जात नाही आणि आतल्या हवेत त्याची वाफ पुरेशी साचली की पुढची गळती मंदावते. हे प्रथम वाचले तेव्हा मलाही उलटे वाटले होते, पण संग्रहालयांत प्लास्टिकच्या वस्तू जतन करणाऱ्या तज्ज्ञांनी मऊ पीव्हीसीबाबत नेमके हेच दाखवून दिले आहे. पॉलिस्टायरीनच्या, म्हणजे पारदर्शक कडक डब्या किंवा थर्मोकोल यांच्या, संपर्कात तर या बाहुल्या कधीच ठेवू नयेत. हा द्रव त्या प्लास्टिकला अक्षरशः विरघळवतो आणि बाहुली तळाला रुतून बसते.

स्वच्छ करायचे असेल, तर कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकावेत, मऊ कापडाने हलक्या हाताने पुसावे आणि सावलीत वाळू द्यावे. थिनर, नेलपॉलिश काढण्याचा द्रव किंवा स्पिरिट लावल्यास वरचा रंग निघून जाईल आणि आतला द्रवही खेचला जाईल. काही जण टाल्कम पावडर लावण्याचा सल्ला देतात. तिने काही दिवस बरे वाटते, परंतु पावडर चिकटाबरोबर भेगांत जाऊन बसते. धुण्याचा हा उपायही वरचेवर करू नये, कारण प्रत्येक धुण्याबरोबर थोडा द्रव जातो आणि तो परत भरता येत नाही. चिकटपणा पुन्हा येईल, हे गृहीत धरूनच चालावे. बाहुल्या एकमेकींना टेकणार नाहीत अशा, अंधाऱ्या आणि थंड जागी ठेवाव्यात. जो रंग एकीवरून दुसरीत मुरला आहे, तो आता निघणार नाही. तो निघावा म्हणून घासू नका, ही माझी विनंती आहे.

खुंटीबाहुली

‘जाणकार’ गृहस्थांच्या दोन्ही म्हणण्यांत अर्धे सत्य आहे. मालिका १० नोव्हेंबर १९६९ रोजी सुरू झाली तेव्हा पहिल्या हंगामात ऑस्कर खरोखरच नारिंगी होता. मात्र दुसऱ्या हंगामापासून तो हिरवाच आहे. फिशर-प्राइसचे ९३८ क्रमांकाचे खेळघर १९७५ साली बाजारात आले, म्हणजे तोपर्यंत मुलांच्या ओळखीचा ऑस्कर हिरवाच होता. आपल्या ऑस्करवर कोणीही रंगकाम केलेले नाही. त्याला तसेच राहू द्या.

बिग बर्डचेही तसेच. मालिकेत तो ८ फूट २ इंच उंच आहे, कारण तो माणसाने अंगात घालायचा संपूर्ण वेश आहे आणि आतील कलाकार आपला एक हात डोक्यावर उंच धरून त्याची चोच हलवतो. अर्नी व बर्ट मात्र हाताने नाचवायची पपेट आहेत. खेळण्यात हे प्रमाण पाळणे शक्यच नव्हते. या खुंट्यांची अंगे कंपनीच्या गाड्यांच्या आणि आसनांच्या ठरलेल्या गोल खोबणींत बसतील अशा मापाची करावी लागत, त्यामुळे आठ फुटी पक्षीही अर्नीच्या शेजारच्या खोबणीत बसतो. मला तर या संचाचे सर्वांत मोठे आकर्षण हेच वाटते, की पडद्यावर ज्यांना एका चौकटीत घेताना कॅमेऱ्याची कसरत होत असे, ते सर्व येथे एकाच गाडीतून फिरायला जाऊ शकतात.

आपला संच मात्र अपूर्ण आहे. त्या घराबरोबर एकूण आठ जण येत असत. गॉर्डन आणि सुझन हे दाम्पत्य आपल्या पेटीत नाही. ते सुटे मिळतात, तेव्हा घाई करू नका.

मऊ बाहुल्यांच्या कालनिश्चितीसाठी पायाखालचा मजकूर भिंगाखाली वाचा, पण तेथील सालावर विसंबू नका. ते साल बहुधा स्वामित्वहक्काचे असते, बाहुली त्यानंतर कित्येक वर्षांनी घडवलेली असू शकते. संस्थेचे नाव अधिक उपयोगी पडते. मालिकेची निर्माती संस्था २००० सालापर्यंत ‘चिल्ड्रन्स टेलिव्हिजन वर्कशॉप’ या नावाने ओळखली जात असे आणि त्या वर्षी तिचे नाव ‘सेसमी वर्कशॉप’ झाले. हे दुसरे नाव दिसले, तर बाहुली त्यापूर्वीची असूच शकत नाही, मग विकणारा काहीही सांगो. पात्रांवरूनही अंदाज बांधता येतो : काउंट १९७२ साली आला, झोई १९९३ साली.

दोनमुलांचीआई

भाचीच्या प्रश्नावर माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. अमेरिकेत तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांतील लहान भागांविषयीचा नियम १९८० साली लागू झाला, ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या एका ठरावीक नळकांड्यात जी वस्तू पूर्ण मावते, ती या वयाच्या मुलांच्या खेळण्यात चालत नाही. आपला संच त्याआधीचा आहे आणि या अंगाच्या खुंट्या लहान मुलाच्या घशात अडकण्याइतक्या बारीक आहेत. फिशर-प्राइसने स्वतःच १९९१ साली या छोट्या माणसांचे अंग बरेच जाड केले.

रंगाचाही विचार करावा लागेल. खेळण्यांच्या रंगातील शिशाला तेथे १९७८ साली दशलक्ष भागांत ६०० भागांची मर्यादा घालण्यात आली आणि २००८ च्या एका कायद्यानुसार २००९ मध्ये ती ९० भागांवर आणली गेली. मऊ प्लास्टिकमधील काही थॅलेटांवरील बंदीही त्याच कायद्याने आली. आपल्या बाहुल्यांत यांतील काही आहेच, असे मी म्हणत नाही, परंतु दोन वर्षांचे मूल प्रत्येक वस्तू तोंडात घालते. तिला नव्याने घडवलेला, तिच्या वयासाठीचा कुकी मॉन्स्टर आणून द्या. जुना तिला काचेआडून दाखवा. तो ओळखीचा आहे हे पाहूनही मुलांना पुष्कळ आनंद होतो.

जुनीपेटी

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत, याबद्दल मनःपूर्वक आभार. चारही चिकट बाहुल्या सांगितल्याप्रमाणे पुसून, वाळवून वेगवेगळ्या काचेच्या बरण्यांत ठेवल्या आहेत. भिंगातून पाहता तीन बाहुल्यांवर जुन्या संस्थेचे नाव मिळाले, चौथीवरील अक्षरे झिजली आहेत. एक प्रश्न राहिला. गॉर्डन आणि सुझन देण्यास एक संग्राहक तयार आहेत, परंतु मोबदल्यात त्यांना मिस्टर हूपर हवा आहे. पपेटांच्या संचात एक म्हातारा दुकानदार कमी झाला, तर फारसे बिघडणार नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.

खुंटीबाहुली

कृपया देऊ नका. हूपरची भूमिका करणारे विल ली डिसेंबर १९८२ मध्ये निवर्तले. निर्मात्यांनी त्यांच्या जागी दुसरा नट घेतला नाही किंवा हूपर गाव सोडून गेले, अशी सोयीची कथाही रचली नाही. हूपर वारले आणि ते आता परत येणार नाहीत, हेच त्यांनी २४ नोव्हेंबर १९८३ रोजीच्या भागात लहान मुलांना समजेल अशा भाषेत सांगितले. त्या भागात बिग बर्डने सर्व मोठ्या माणसांची चित्रे काढून आणलेली असतात आणि हूपरचे चित्र त्यांना द्यायला तो निघतो, तेव्हा त्याला ही गोष्ट कळते.

आपल्याकडील बाहुली विल ली हयात असताना, ते दुकानात उभे असतानाच्या काळातली आहे. गॉर्डन आणि सुझन दुसऱ्या कोणाकडून मिळतील. माझ्याकडे त्यांची एक जादा जोडी आहे आणि ती मी आपल्याला कोणत्याही मोबदल्याविना पाठवायला तयार आहे. सुझनच्या चेहऱ्यावर एक बारीक ओरखडा आहे, तेवढा चालवून घ्यावा.