अनुभव धागा : माझी पकड सुटली तेव्हा

परवा प्रार्थनासभेत बायबलमधलं, तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रातलं 2:13 वाचलं गेलं. आपण अविश्वासू झालो तरी प्रभू विश्वासू राहतो, कारण स्वतःला नाकारणं त्याला शक्यच नाही. आम्हा सगळ्यांना पाठ असलेलं वचन, पण वाचणाऱ्या काकूंना रडू आलं, पुढचं वाचवेना. म्हणून विचारते. तुमची निष्ठा कमी पडली आणि त्याची पुरून उरली, असं झालंय कधी? मोठी साक्षच हवी असं नाही. नाव नको, गाव चालेल.

नगर, परिचारिका

बाप्तिस्म्यापासून रोज पहाटे मननाची वही लिहायचे. तारीख, शास्त्रभाग, खाली प्रार्थनेचे विषय. एका दिवसाचाही खाडा नाही. खरं सांगायचं तर माझा भरवसा देवापेक्षा त्या वहीवरच जास्त होता. 2021 च्या एप्रिलमध्ये मी कोविड वॉर्डात ड्युटीवर आणि पप्पा दुसऱ्या दवाखान्यात गेले. शेवटचं बघताही आलं नाही. वही तिथेच थांबली. उपासनेला जायचे, पण गीताला तोंड उघडायचं नाही. आमच्या पाळकबाई दर गुरुवारी यायच्या. उपदेश एका शब्दाचा नाही. माझ्याबरोबर मेथी निवडत बसायच्या आणि निघताना चपला घालता घालता म्हणायच्या, “तू नको करूस प्रार्थना. मंडळी करतेय.” डिसेंबरात वही उघडली. 19 एप्रिलनंतरची पानं कोरीच होती, ती मी तशीच ठेवलीत.

वसई

आम्ही कॅथलिक, तरी लिहितो. माझं दारूचं. तीन वर्षं राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपासकाळ सुरू होतो त्या दिवशी, शपथ घेतली, तिन्ही वेळा ईस्टरच्या आत मोडली. मग पापनिवेदनाला जायचीच लाज वाटू लागली, त्याच फादरना तेच किती वेळा सांगायचं? शेवटी गेलो, तर त्यांनी बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा 15 वा अध्याय काढला. देवाशी करार व्हायचा म्हणून अब्राहामाने जनावरं कापून समोरासमोर मांडली होती. करार करणाऱ्यांनी त्या तुकड्यांमधून चालायचं, मोडला तर माझंही असंच होवो, असा त्याचा अर्थ. पण अब्राहाम गाढ झोपलेला, आणि मधून गेली ती धुमसती भट्टी नि जळती मशाल, म्हणजे स्वतः देव. फादर म्हणाले, “चाललं कोण, ते बघ.”

त्या वर्षी शपथ घेतली नाही. दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीला जाऊ लागलो. मध्ये एकदा घसरलो, पण लपलो नाही, त्याच रात्री फादरना फोन केला. हा फरक केवढा, ते माझ्या बायकोला विचारा.

पुणे

आमच्या तरुण संघातली मुलं विचारतात, मग कसंही वागलं तरी चालेल का? मी त्यांना लूकच्या शुभवर्तमानाचा 22 वा अध्याय वाचायला देते. शिष्य पेत्र आपल्याला ओळखायलाच नाकारणार हे प्रभूला ठाऊक होतं, आणि त्याचा विश्वास ढळू नये म्हणून प्रार्थना आधीच करून झाली होती. तीनदा नाकारून झालं, कोंबडा आरवला आणि पेत्र बाहेर जाऊन रडला. तो रडला, मोकाट सुटला नाही.

दौंडजवळून, वय 71

माझ्या आजीची आई दुष्काळात केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये आलेली, त्यामुळे घरात रमाबाईंचं नाव रोजचं. त्यांचा बाप्तिस्मा 1883 चा, इंग्लंडमधला. धर्म हाती आला होता पण ख्रिस्त नाही, हे त्यांना काही वर्षांनी उमगलं आणि त्यांनी ते लिहून ठेवलं. एवढ्या मोठ्या बाईंनी हे कबूल केलं, याचा मला फार आधार वाटतो.

आमच्या हिने चाळीस वर्षं संडे स्कूल घेतलं. अर्धी स्तोत्रं तोंडपाठ. आता तिला मुलांची नावंही आठवत नाहीत. एक नातेवाईक म्हणाले, देवच विसरली, आता काय उरलं? मला वाईट वाटलं. ती त्याला विसरली असेल, तो तिला विसरलेला नाही, असं मी त्यांना सांगितलं.

रात्री आम्ही प्रभूची प्रार्थना म्हणतो. ती “आमची रोजची भाकर” पर्यंत येते आणि थांबते. पुढचं मी म्हणतो. ती माझं बोट धरून असते, आणि आमेन मात्र तिचं तीच म्हणते.