लिबेस्किंडच्या तिरक्या भिंती: स्मारकालाही त्याच, मॉललाही त्याच?

काटकोन:
डॅनियल लिबेस्किंड या वास्तुरचनाकाराचं नाव झालं ते संग्रहालयं आणि स्मारकांमुळे. बर्लिनच्या ज्यू संग्रहालयाबद्दल माझी तक्रार नाही. जस्ताच्या पत्र्याने मढवलेली नागमोडी इमारत, आत मुद्दाम रिकाम्या ठेवलेल्या उंच पोकळ्या. नाझींनी शहरातून जी ज्यू माणसं नाहीशी केली, त्यांची ती रिकामी जागा. पटतं.

पण नंतर तेच टोकदार कोन सगळीकडे. टोरांटोच्या रॉयल ऑन्टॅरिओ म्युझियममध्ये (२००७) त्या कोनांत डायनासोरचे सांगाडे उभे आहेत. बर्नचं वेस्टसाइड शॉपिंग सेंटर (२००८) आणि लास व्हेगासचा क्रिस्टल्स मॉल (२००९) यांनाही तेच. नरसंहारासाठी वापरलेली भाषा हँडबॅगांच्या दुकानाला चालते, तर ती मुळात त्या दुःखाची होती का?

निळी शाई:
साफ असहमत. ड्रेस्डेनचं लष्करी इतिहास संग्रहालय (२०११) सोयीस्करपणे वगळलंत. एकोणिसाव्या शतकातली शिस्तबद्ध, सममित शस्त्रागाराची इमारत, आणि तिच्या छातीत घुसवलेली काच-पोलादाची पाचर. फेब्रुवारी १९४५ मध्ये शहरावर बॉम्बवर्षाव जिथून सुरू झाला, त्या दिशेला तिचं टोक आहे. जुन्या भागात युद्धांचा इतिहास कालक्रमाने मांडलाय, पाचर तो क्रमच मधून कापते. कोन तिरका आहे, पण उगाच नाही.

काटकोन:
ड्रेस्डेन मान्य. पण टोरांटोचं काय? एका कौटुंबिक लग्नाला हे गृहस्थ त्याच संग्रहालयात गेले होते, तिथली खनिजं बघितली आणि कागदी नॅपकिनवर स्फटिक रेखाटले म्हणे. डेन्व्हरच्या कला संग्रहालयात (२००६) रॉकी पर्वताची शिखरं. आकार ठरलेला असतो हो, कारण गावागावाप्रमाणे मिळतं. आणि डेन्व्हरच्या कललेल्या भिंतींवर चित्रं टांगायची कशी, ते बिचाऱ्या मांडणी करणाऱ्यांनी बघायचं.

गवंडी:
दोघंही स्मारक आणि संग्रहालय यांची गल्लत करताय. बर्लिनला गेलोय म्हणून लिहितो. तिथल्या निर्वासनाच्या बागेत ४९ काँक्रीटचे खांब आहेत आणि जमीनच उतरती आहे. खांब त्या जमिनीला काटकोनात, म्हणजे डोळ्यांना काहीच सरळ सापडत नाही. पाऊल कुठे टाकायचं ते कळेना, पोटात ढवळायला लागलं. शेजारच्या होलोकॉस्ट टॉवरमध्ये हीटर नाही, दिवा नाही, वरून एका फटीतून येईल तेवढाच उजेड. पाटी वाचायची गरजच नाही.

पण वरच्या मजल्यावर प्रदर्शन सुरू झालं आणि मला इमारतीचा त्रास व्हायला लागला. वस्तू बघायच्या की भिंतींच्या चिरा? १९९९ मध्ये इमारत रिकामीच लोकांसाठी उघडली, तेव्हा साडेतीन लाखांच्या आसपास लोक ती बघून गेले. २००१ मध्ये आत प्रदर्शन आलं. ती रिकामीच ठेवा म्हणणारेही होते, आणि मला त्यांचं पटतं. लिबेस्किंड हा माणूस स्मारकांचा. संग्रहालयं त्याने स्मारकांसारखी बांधली, इथे घोळ आहे.

अनुस्वार:
गवंडी +१. न्यूयॉर्कचा पुरावा घ्या. ग्राउंड झिरोचा, म्हणजे ९/११ च्या हल्ल्यात जुळे मनोरे कोसळले त्या जागेचा, आराखडा २००३ मध्ये लिबेस्किंडला मिळाला, पण मुख्य मनोरा शेवटी डेव्हिड चाइल्ड्स या दुसऱ्या वास्तुरचनाकाराचा झाला. आणि लोक गप्प होतात ते तिथल्या स्मारकात, मायकेल अराडने रचलेल्या दोन चौकोनी कुंडांपाशी. पाणी खाली पडतं, कडेला बळींची नावं. एकही टोकदार कोन नाही!

निळी शाई:
अर्धीच गोष्ट सांगताय. हडसन नदीचं पाणी अडवणारी तळघराची भिंत हल्ल्यातही टिकली होती. ती झाकू नका, उघडी दिसू द्या, हा आग्रह लिबेस्किंडचाच होता. आज ती तिथल्या संग्रहालयात समोर उभी आहे. म्हणजे काहीच न बांधताही बोलता येतं, हे या माणसाला कळत होतं.

आणि लिबेस्किंडचंच ॲमस्टरडॅममधलं होलोकॉस्टच्या बळींच्या नावांचं स्मारक (२०२१) बघा. एक लाखाहून जास्त विटा, प्रत्येकीवर एका बळीचं नाव, जन्मतारीख, मरताना असलेलं वय. लोक वाचत वाचत हळूहळू पुढे सरकतात. हे तुमच्या मॉलच्या हिशोबात कुठे बसवणार?

काटकोन:
नाही बसत. विटांसाठी पैकीच्या पैकी मार्क. पण त्या विटांवर आरशासारखं पोलाद बसवलंय, त्याची चार हिब्रू अक्षरं होतात, 'यांच्या स्मरणार्थ' अशा अर्थाची, आणि ती नीट दिसतात फक्त आकाशातून. खाली उभ्या माणसाला पुन्हा टोकदार कोनच.

निळी शाई:
त्या पोलादात आभाळ आणि शेजारची झाडं दिसतात, ते नाही का दिसलं तुम्हाला?

काटकोन:
दिसलं ना. नाव वाचायला वाकलेल्या माणसाला त्याचं काय करायचंय, एवढंच विचारतोय.