नववीतच कॉलेज?

बी-२०४: कुणाचं नाव घेत नाही, पण काल लिफ्टमध्ये माझ्या मुलीला "नववी आली, कॉलेजचं काही ठरवलं की नाही?" असं विचारायची गरज होती का? रात्री जेवली नाही ती. कधीपासून करायचं असतं हे सगळं, एकदाचं सांगून टाका.

सी-१०१: नाव न घेताही कळलं. काळजीपोटी विचारलं होतं. पैशांचं म्हणाल तर उशीरच झालाय. मूल ५ वर्षांचं असताना सुरुवात केली तर जो मासिक हप्ता पुरतो, तोच १३व्या वर्षी सुरू केल्यास जवळजवळ पावणेचारपट लागतो. ८ टक्के व्याज आणि १८व्या वर्षी तीच रक्कम धरून.

ए-३०४: नाना, मग १३व्या वर्षी जागा झालेल्याने काय करायचं? तोंड लपवायचं?

डी-४०२: लिफ्टवरून आठवलं. पंखा बंद आहे. सेक्रेटरी??

ए-१०२: दाखल्यांवरचं नाव तपासा. जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग आणि शाळेत दुसरं असेल तर शाळा सुटायच्या आत दुरुस्त करून घ्या.

सी-१०१: उशिरा सुरू करणाऱ्यांनी शेअर्समध्ये टाकावेत.

सी-३०१: अजिबात नको. ३-४ वर्षांत लागणारे पैसे तिथे नसतात ठेवायचे. २०२० च्या मार्चमध्ये महिन्याभरात बाजार तिसऱ्या हिश्शाने पडला, त्याच वेळी फी भरायची असती तर? आणि निवृत्तीचा फंड तर मुळीच मोडू नका. शिक्षणाला कर्ज मिळतं, म्हातारपणाला नाही.

सी-१०१: हा टोमणा कुणाला, ते सगळ्यांना माहीत आहे. ३० वर्षं बँकेत होतो मी.

ए-३०४: दर मीटिंगला कळतं 🙏

सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक बोलू नये. पंख्याचा माणूस उद्या येतोय.

बी-२०४: पैशांचं आमचं आम्ही बघू. मी मुलीबद्दल विचारलं होतं.

बी-५०२: ताई, नववीत कॉलेज ठरवायचं नसतं. फक्त कोणता विषय सोडतोय ते बघायचं. गणित सोडलं की इंजिनिअरिंग, संख्याशास्त्र हे रस्ते बहुतेक बंदच होतात आणि माझ्या वर्गातल्या मुलांना ते अर्ज भरतानाच कळतं. दुसरं, आपल्याला किती झेपेल ते तिला आत्ताच सांगा. यादी करून बसल्यावर "परवडत नाही" ऐकलं की मुलं फार दुखावतात.

बी-२०४: १४ वर्षांच्या मुलीला आकडा सांगू?

डी-४०२: आमच्याकडे तर मलाही सांगत नाहीत 😄

ए-१०२: दाखल्यांवरचं नाव तपासा. (वर टाकलंय. कुणी वाचलेलं नाही.)

ए-३०४: वाचलं हो!

बी-२०४: आत्ता दोन्ही काढून पाहिले. शाळेत तिच्या नावात एक अक्षर जास्त आहे. काय करायचं?

ए-१०२: जन्मदाखल्याची प्रत जोडून शाळेच्या ऑफिसात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगून येऊ नका.

ए-३०४: आमच्या धाकट्याच्या दाखल्यावर तर वडिलांचंच नाव चुकलंय 😐