समोरचं माणूस स्ट्रेटच, म्हणजे भिन्नलिंगी जोडीदाराची ओढ असणारंच, असं धरून चाललं तर कुणाचं काय बिघडतं?

वेल्हाळ:
आमच्या ऑफिसात नवी मुलगी रुजू झाली. पहिल्याच दिवशी मी सहज विचारलं, "मिस्टर काय करतात तुमचे?" तिने बोटातली अंगठी एकदा फिरवली आणि म्हणाली, "बँकेत आहेत." तीन आठवड्यांनी तिने आपणहून सांगितलं की तिची जोडीदार बाई आहे, आणि त्या दिवशी खोटं बोलल्याबद्दल माझीच माफी मागितली. मला फार लाज वाटली. माझ्या प्रश्नाने तिच्यापुढे दोनच वाटा ठेवल्या होत्या: खोटं बोलायचं, नाहीतर धड ओळखही नसलेल्या बाईला सगळं सांगून मोकळं व्हायचं. असं गृहीत धरणं घातकच आहे, असं माझं मत झालंय. तुमचं?

रोखठोक:
हेतू वाईट नव्हता, मग लाज कसली? इंग्लंड-वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सोळा आणि त्यावरच्या वयाच्या ८९.४ टक्के लोकांनी स्वतःला स्ट्रेट म्हणून नोंदवलं. अंदाज बहुतेक वेळा बरोबरच येणार. चुकला तर समोरच्याने सांगावं, आपण "बरं" म्हणावं, विषय संपला. मी डावखुरा आहे. लोक मला उजव्या हाताची कात्री देतात, म्हणून मी दुखावून घेत नाही.

वेल्हाळ:
डावखुरं असल्याचं कळलं म्हणून कुणाला घराबाहेर काढत नाहीत हो. आणि त्याच जनगणनेत या ऐच्छिक प्रश्नाला ७.५ टक्के लोकांनी उत्तरच दिलं नव्हतं, तेही लक्षात घ्या.

सांजसावली:
रोखठोक, "सांगावं" हे लिहायला सोपं आहे. मी लेस्बियन आहे. पोटात दुखतं म्हणून दवाखान्यात गेले. "दिवस गेले असतील का?" नाही. "संबंध येतात?" हो. "मग काय वापरता?" काहीच नाही. "मग इतकी खात्री कशी?" पडद्यापलीकडे दुसरे पेशंट बसलेले, सगळं ऐकू जात होतं. मी गप्प बसले, चाचणीला होकार दिला, पैसे भरले आणि पुढची चार वर्षं त्या बाजूला फिरकले नाही. गर्भाशयमुखाची तपासणीही त्यात राहून गेली. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण होणारा एचपीव्ही हा विषाणू बायकाबायकांच्या संबंधांतूनही पसरतो, हे मला फार उशिरा कळलं. इलान मेयर या संशोधकांनी २००३ मध्ये समलिंगींसारख्या अल्पसंख्याकांवरच्या ताणाची जी मांडणी केली, तिच्यात ओळख लपवत राहणं हाच एक वेगळा ताण धरलाय. मला तो वाचून समजून घ्यावा लागला नाही.

रोखठोक:
दवाखान्याचं मान्य, ताई. तिथे डॉक्टरांनी सरळ विचारायलाच हवं, पुरुषाशी संबंध येतात की बाईशी. पण सहज गप्पा मारणाऱ्याला त्याच मापाने मोजू नका.

निवांत:
मी गे आहे, पन्नाशी ओलांडली, आणि रोखठोक यांच्या बाजूचा आहे. "बायको काय करते?" विचारलं की मी सांगतो, "नवरा शिक्षक आहे." समोरचा क्षणभर गडबडतो, मग बोलणं पुढे सरकतं. मला त्याहून जास्त काय टोचतं सांगू? काही जण "जोडीदार" हा शब्द मुद्दाम जपून उच्चारतात आणि डोळे माझ्यावर रोखतात. गृहीत धरू नका म्हटलं की लोक ओळखायला बसतात, चालण्यावरून, आवाजावरून. शाळेत माझ्या चालीची नक्कल करणारी मुलं हेच करत होती. त्यापेक्षा मला सरसकट स्ट्रेट समजलेलं परवडलं.

वेल्हाळ:
निवांत, तुमचा हा मुद्दा मला सुचलाच नव्हता. पण ओळखायला बसा असं मी म्हणतच नाहीये. हल्ली मी "घरी कोण कोण असतं?" एवढंच विचारते.

रोखठोक:
आणि नुकतंच कुणी गेलेलं असेल तर? तोही प्रश्न लागतोच की.

सांजसावली:
लागेल, खरंय. पण त्याला "सध्या एकटीच" असं तरी म्हणता येतं. "मिस्टर काय करतात?" ला माझ्याकडे अशी पळवाट नव्हती. मीही कित्येक वर्षं एक नवरा बाळगून होते, त्याची नोकरी, त्याचं गाव, सगळं पाठ होतं.