बंद पडलेल्या मनोरुग्णालयाच्या वास्तूचे कौतुक करावे का?

शाहूपुरी, सातारा :
गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे पिट्सबर्गला गेलो असताना, तिथून दोनेक तासांवरच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील वेस्टन गावातले, 1994 साली बंद पडलेले मनोरुग्णालय मुद्दाम पाहून आलो. सारी नोकरी बांधकामावर गेल्यामुळे असेल, पण घडीव वालुकाश्माची ती जवळजवळ पाव मैल लांबीची इमारत समोर आली तेव्हा बराच वेळ जागचे हलावेसे वाटले नाही. भिंतीला हात लावला, तर टाकीचे घाव अजून बोटांना जाणवत होते, संगम माहुलीच्या घाटाच्या पायऱ्यांवर जाणवतात तसे.

या बांधणीमागे फिलाडेल्फियाचे डॉक्टर थॉमस किर्कब्राइड यांचा विचार होता. उजेड, वारा आणि मोकळा परिसर हाच मनोरुग्णावरचा अर्धा उपचार आहे, असे ते मानत आणि 1854 साली त्यांनी त्यावर ग्रंथही लिहिला. म्हणूनच मधल्या मनोऱ्याच्या दोन्ही अंगांची दालने एका रेषेत नाहीत. उडत्या बगळ्यांच्या रांगेसारखे प्रत्येक दालन आधीच्यापेक्षा मागे सरकवलेले आहे, म्हणजे कोणाचाही उजेड कोणी अडवू नये. 1858 साली सुरू झालेले काम यादवी युद्धात रखडले, तरी नकाशातली ही माया कोणी कमी केली नाही. मुलीला मात्र माझे कौतुक रुचले नाही. दगडाची वाखाणणी म्हणजे तिथे राहिलेल्या माणसांचा अपमान, हे तिचे म्हणणे मला पटत नाही. आपल्याला काय वाटते?

विश्रामबाग, सांगली :
मला आपल्या मुलीचे म्हणणे पटते. किर्कब्राइड यांनी एका इमारतीत अडीचशेच रुग्ण असावेत असे सांगितले होते आणि वेस्टनची रचनाही तेवढ्यांसाठीच होती. 1950 च्या दशकात तिथे सुमारे चोवीसशे माणसे कोंबलेली होती. त्याच दशकात डॉक्टर वॉल्टर फ्रीमन यांनी वेस्ट व्हर्जिनियाच्या सरकारी रुग्णालयांत डोळ्याच्या खोबणीतून सळई घालून मेंदूवर शस्त्रक्रिया केल्या. शिवाय, ज्या नकाशाला आपण मायेचा म्हणता, त्यातही भव्य मनोरा आणि मधला भाग कचेरीला व अधीक्षकांच्या निवासाला होता, आणि आरडाओरडा करणाऱ्या रुग्णांची जागा अगदी टोकाच्या दालनांत, म्हणजे पाहुण्यांच्या नजरेपासून सर्वांत दूर.

माझी मावशी अशाच एका ठिकाणी अकरा वर्षे होती. लहानपणी आईबरोबर भेटायला गेले, तेव्हा खिडकीच्या गजावरून हात फिरवत तिने “माहेरी कधी नेणार?” एवढेच विचारले. त्या खिडकीतून भरपूर उजेड येत होता. घरी मात्र तिचे नाव घेणेच बंद झाले होते. तेव्हापासून अशा इमारतीची कमान किती डौलदार, हे मला दिसतच नाही.

वाई :
ताई, आपले दुःख समजते. पण कौतुक करणारे नसते, तर ही वास्तू उभीच राहिली नसती. 2007 साली ती पंधरा लाख डॉलरला लिलावात गेली आणि आता पाहणाऱ्यांच्या तिकिटांच्या पैशांतून तिची डागडुजी होते. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या डॅनव्हर्सच्या तशाच रुग्णालयाचा बहुतेक भाग 2006 मध्ये पाडून तिथे सदनिका झाल्या. आमच्या पेठेतले किती वाडे याच वाटेने गेले!

विश्रामबाग, सांगली :
वास्तू राखावी, याला माझी ना नाही. पण तिथे रात्री भुते दाखवण्याच्या फेऱ्याही निघतात, त्याचे काय? आजारी माणसाला मेल्यावर भूत करून विकणे, ही डागडुजीसाठी मोजलेली फार मोठी किंमत आहे.

शाहूपुरी, सातारा :
भुतांच्या फेऱ्यांबद्दल मी पूर्णपणे ताईंच्या बाजूने आहे. ती फेरी मी घेतली नाही. गर्दीचा दोष मात्र नकाशाच्या माथी मारू नये. अडीचशेंच्या जागेत चोवीसशे माणसे भरणारे हात दगड घडवणारे नव्हते, आणि पुढे पैसा आटला, माणूसबळ कमी पडले, घरच्यांनी पाठ फिरवली, म्हणून आरंभीचा विचार खोटा ठरत नाही.

टोकाच्या दालनांचे म्हणणे मात्र मनाला लागले. आपले उत्तर वाचून त्या दिवशीची छायाचित्रे पुन्हा काढून पाहिली. एकूण त्रेचाळीस आहेत, त्यांतली बहुतेक मनोऱ्याची. टोकाच्या दालनाचे एकही नाही. तिथवर मी चालत गेलोच नव्हतो.