शब्दचर्चा: गूढविद्या, चेटूक, भूतविद्या आणि ‘नादी लागणे’

प्रश्न

मंडळीतल्या तरुणांच्या अभ्यासगटासाठी एक टिपण लिहितो आहे. त्यात वाक्य असं आहे: ‘गूढविद्येचा अभ्यास करणे ख्रिस्ती माणसासाठी आत्मिकदृष्ट्या धोक्याचे आहे.’ एका ज्येष्ठांनी ‘गूढविद्या’ खोडून ‘चेटूक’ केलं, दुसऱ्यांनी ‘भूतविद्या’ सुचवलं. मला टॅरो (भविष्य सांगणारे पत्ते), प्लँचेट (अक्षरांच्या पाटीवर फळी सरकवून मृतांना विचारणे), राशिभविष्य, वशीकरण हे सगळं एका शब्दात आणायचं आहे. कोणता शब्द योग्य?

उत्तर

आधी ‘अभ्यास’ काढा. दानीएल बाबेलच्या दरबारात खास्द्यांची विद्या शिकला, मोशेला मिसरी लोकांचं सगळं ज्ञान दिलं गेलं होतं, आणि पवित्र शास्त्र त्याबद्दल दोघांनाही दोष देत नाही. एखाद्या गोष्टीची माहिती असणं वेगळं आणि आपल्या आयुष्याचा निर्णय तिला विचारायला जाणं वेगळं. या दुसऱ्या गोष्टीसाठी मराठीत नेमका प्रयोग आहे: नादी लागणे. ‘बघू तरी काय होतं ते’ म्हणून सुरुवात होते, आणि सोडायचं ठरवलं तरी सोडवत नाही. तुमच्या टिपणातला धोका हाच आहे, आणि ‘अभ्यास’ या शब्दाने तो झाकला जातो.

आता नामाकडे. ‘गूढ’ हा शब्द गुह्, म्हणजे लपवणे, या धातूपासून आला. इंग्रजी ‘ऑकल्ट’ ज्यातून आला त्या लॅटिनमधल्या ‘ऑकल्टस’चाही अर्थ झाकलेलं, लपवलेलं असाच. त्यामुळे शब्दार्थाने ‘गूढविद्या’ चोख बसतो, पण माझं मन त्याला राजी होत नाही. एक तर तो फार भारदस्त आहे. वाचणाऱ्याला वाटतं, इथे काही तरी खोल ज्ञान आहे आणि मंडळी ते आपल्यापासून दूर ठेवते आहे. दुसरं म्हणजे ख्रिस्ती परंपरेतल्या गूढवादाशी, म्हणजे प्रार्थनेत देवाशी एकरूप होण्याच्या वाटेशी, त्याची गल्लत होते. आविलाची संत तेरेसा आणि क्रूसाचा संत योहान यांना आपण गूढवादी म्हणतो. योहानाने तर बजावून ठेवलं आहे की दर्शनं आणि आवाज यांची हाव धरू नका, ते आले तरी त्यांना कवटाळून बसू नका. टॅरोची पानं उलटणाऱ्याला नेमकी तीच हाव असते.

‘चेटूक’ याच्या उलट फार अरुंद पडतो. चेटूक दुसऱ्यावर केलं जातं. राशिभविष्य वाचणारा कोणावर काही करत नाही, त्याला फक्त उद्याचं आज कळायला हवं असतं. बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 18व्या अध्यायात मना केलेल्यांची यादी आहे, तिच्यात दोन्ही प्रकारचे लोक आहेत: शकुन पाहणारे, मंत्र घालणारे, मृतांना विचारणारे. ती यादी वाचून लोक थांबतात, आणि मला याचं वाईट वाटतं, कारण पुढच्याच वचनांत कारण दिलं आहे. देव म्हणतो, मी तुमच्यातून एक संदेष्टा उभा करीन, त्याचं ऐका. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र हे वचन प्रभू येशूला लावतो. म्हणजे त्या अध्यायाचा मूळ प्रश्न ‘ऐकायचं कोणाचं?’ हा आहे. मना केलेल्या सगळ्या गोष्टींत समान धागा एवढाच की त्यांत देवाला वगळून दुसऱ्या कोणाला तरी विचारलं जातं.

‘भूतविद्या’ तर मी टाळाच म्हणेन. मराठीत भूत म्हटलं की मेलेल्या माणसाचा भटकणारा आत्मा डोळ्यांपुढे येतो. आपल्या बायबलात ‘भूतग्रस्त’ हा शब्द आहे, पण शुभवर्तमानांतले अशुद्ध आत्मे म्हणजे मेलेली माणसं, असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. तुमच्या गटातल्या एखाद्या मुलीची आजी नुकतीच वारली असेल, तर ‘भूतविद्या’ वाचून ती आजीच्याच आत्म्याला भिऊ लागेल. तो भार तिच्यावर टाकू नका.

मृतांना विचारणं म्हणजे प्रत्यक्षात काय, हे दाखवायचं असेल तर 1 शमुवेलाचा 28वा अध्याय सावकाश वाचून घ्या. इस्राएलचा राजा शौल याने स्वतःच मृतांना विचारणारे देशातून घालवून दिले होते. पलिष्टी समोर उभे ठाकल्यावर तो परमेश्वराला विचारतो, पण स्वप्न, उरीम (याजकाकडचं देवाचा कौल घेण्याचं साधन), संदेष्टे, कुठूनच उत्तर येत नाही. मग तो वेष पालटून, दोन माणसं बरोबर घेऊन, रात्री एन-दोर गावी मृतांना विचारणाऱ्या एका बाईकडे जातो, मरण पावलेला संदेष्टा शमुवेल याला वर बोलाव म्हणतो आणि ‘तुला काही शिक्षा होणार नाही’ अशी परमेश्वराचीच शपथ वाहतो. राजा परमेश्वराच्या नावाने त्याचीच आज्ञा मोडायची हमी देतो आहे! त्याच्या पदरात काय पडतं? राज्य गेलं, हे शमुवेलाने जिवंतपणीच सांगितलं होतं. नवीन एवढंच कळतं की उद्या तू आणि तुझे मुलगे मरणार. दिवसभर आणि रात्रभर अन्नाला न शिवलेला तो उंचापुरा माणूस जमिनीवर आडवा होतो, आणि शेवटी त्या बाईलाच दया येऊन ती वासरू कापून, भाकरी भाजून त्याला खाऊ घालते. तो खरोखर शमुवेल होता की नाही, यावर आरंभीच्या ख्रिस्ती लेखकांतही मतभेद होते. ओरिजेन होय म्हणतो, तर तर्तुल्लियनाला ती दुष्टात्म्याची फसवणूक वाटते. शौलाच्या वाट्याला आलेल्या त्या रात्रीत मात्र त्यामुळे काही फरक पडत नाही.

उपप्रश्न

प्लँचेटमध्ये आपलाच हात नकळत फळी ढकलतो, असं वाचलं आहे. तसं असेल तर मुलांना घाबरवणं योग्य आहे का?

उत्तर

घाबरवू नका, खरं ते सांगा. ‘प्लँचेट’ हा फ्रेंच शब्द, अर्थ छोटी फळी. अक्षरांच्या पाटीचं अमेरिकेत 1891 साली पेटंट मिळालं तेही खेळण्याचं. त्याआधी टेबलाभोवती बसून ‘आत्म्यांकडून’ टेबल हलवून घेण्याची साथ आली होती, तेव्हा 1853 साली शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेने प्रयोग करून दाखवलं की टेबल बसणाऱ्यांच्याच हातांनी हलतं आणि त्यांना त्याचा पत्ता नसतो. फॅरडे निष्ठावंत ख्रिस्ती होता, आपल्या मंडळीत वडील होता. हा प्रयोग करताना त्याच्या विश्वासाला तडा गेला नाही. टेबलाचा प्रत्येक ठोका सैतानाचा मानायला विश्वास सांगत नाही. ‘आत्म्यांची परीक्षा करा’ असं बायबलातल्या योहानाच्या पहिल्या पत्रात आहे.

पण ‘मग धोका कसला?’ यावर माझं उत्तर ठाम आहे. पाटीपलीकडे कोणी नसलं तरी अलीकडे माणूस आहे, आणि त्याने आपला दरवाजा उघडून ठेवला आहे. शोकात बुडालेली बाई रोज रात्री पाटीपुढे बसू लागली की ती प्रार्थनेला बसत नाही, जिवंत माणसांशी बोलत नाही. तिच्या दुःखावर पोट भरणारे हमखास भेटतात. प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्पै शहरातल्या एका दासीच्या अंगी दैवप्रश्न सांगणारा आत्मा होता, पण पैसा मिळत होता तिच्या धन्यांना. पौलाने तिला मोकळं केलं तेव्हा ते चिडले ते कमाई बुडाली म्हणून. आणि पलीकडे कोणीच कधी नसतं, असंही मी म्हणणार नाही. पवित्र शास्त्र दुष्टात्म्यांना खरं मानतं, मीही मानतो.

गलतीकरांस पत्राच्या 5व्या अध्यायात जादूटोण्यासाठी ‘फार्माकेया’ हा ग्रीक शब्द येतो. त्याचं मूळ औषध किंवा विष या अर्थाच्या शब्दात आहे. पौल त्याला देहाच्या कर्मांत मोजतो, मूर्तिपूजा आणि वैर यांच्या मधोमध. बाहेरून कोणी झपाटण्याआधी आतली ओढ असते, हे त्या यादीवरून मुलांना छान समजावता येईल.

आणखी एक सूचना

‘चेटकीण’ हा शब्द कोणत्याही जिवंत बाईसाठी वापरू देऊ नका, थट्टेतही नाही. निर्गम 22:18चा (‘चेटकिणीला जिवंत ठेवू नको’) आधार घेऊन ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांनी निरपराध बायकांना मारलं आहे. अमेरिकेतल्या सेलममध्ये 1692 साली 19 जणांना फाशी दिली गेली, त्यांत पुरुषही होते. पुरावा काय, तर ‘तिची आकृती मला दिसली’ असं कोणी तरी म्हणालं. ज्या टिपणात गूढविद्येच्या धोक्याबद्दल लिहाल, त्यातच हेही लिहा. आवाज ऐकू येणाऱ्याला आधी डॉक्टरकडे न्यावं, पाळकांनीही बरोबर जावं. रोमन कॅथलिक चर्चच्या दुष्टात्मे घालवण्याच्या 1999च्या विधिग्रंथातसुद्धा आजार आणि दुष्टात्म्याची बाधा यांत नीट फरक करायला सांगितलं आहे.

जे आधीच नादी लागले आहेत त्यांच्यासाठी इफिसची गोष्ट ठेवा (प्रेषितांची कृत्ये 19). तिथल्या विश्वासणाऱ्यांनी आपली कृत्यं उघडपणे कबूल केली आणि जादूची पुस्तकं सगळ्यांसमोर जाळली. किंमत भरली 50,000 रुपेरी नाणी. एक नाणं म्हणजे साधारण एका दिवसाची मजुरी. ती विकून पैसे करता आले असते, पण मग ती दुसऱ्या कोणाच्या तरी घरात गेली असती. लपवण्यावर चालणारी गोष्ट चारचौघांत सांगून टाकली की तिची पकड ढिली होते, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

उपप्रश्न

मग ‘भाषणाने जादू केली’, ‘मंतरलेलं वातावरण’ असं मंडळीत बोलणंही चूक का?

उत्तर

मुळीच नाही. पौल स्वतः गलतीकरांना विचारतो, तुम्हांला कोणी भुरळ घातली? मुळातलं ग्रीक क्रियापद दृष्ट लावण्याचं आहे. रंगमंचावर हातचलाखी दाखवणाऱ्या जादूगारालाही यातून वगळा, तो कोणाला काही विचारत नाही. तुमच्या वाक्यात ‘जादूटोणा, भविष्यकथन आणि मृतांना विचारणे यांच्या नादी लागणे’ असं सरळ लिहा. लांब होतं, पण कोणालाही पुन्हा विचारावं लागणार नाही.